गुरुवारची नावे

१

दर गुरुवारी उन्हे कलली की आमच्या घरातले सगळे व्यवहार थांबत. शेगडीवरचे भांडे उतरवले जाई, रेडिओ बंद होई, आणि जेवणाच्या टेबलावर पाण्याने भरलेला काचेचा जग येऊन बसे. मग ताई शुभवर्तमानातला एखादा उतारा वाचे, त्यावर आम्ही चार शब्द बोलत असू, आणि त्यानंतर नावे घेण्याची वेळ येई. आजारी, दुःखी, वाट चुकलेले, नुकतेच देह सोडून गेलेले, अशा ज्यांना मदतीची गरज असेल त्यांची नावे प्रत्येकाने आपल्या पाळीला स्पष्ट आवाजात उच्चारायची. अदृश्य मित्र, म्हणजे देह सोडून गेलेले भले आत्मे, ती ऐकतात आणि त्या त्या माणसापर्यंत पोहोचतात, अशी आमच्या प्रार्थना-केंद्रातल्या मंडळींची श्रद्धा आहे. शेवटी त्या काचेच्या जगमधले पाणी सर्वांनी प्यायचे. ना मेणबत्ती, ना धूप, ना मूर्ती. वार आणि वेळ मात्र कधी बदलायची नाही. बोलावलेल्यांना ताटकळत ठेवायचे नसते, असे ताई म्हणे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण झोराइदे. गावातल्या केंद्राची ती आधारस्तंभ होती. जगात काहीही योगायोगाने घडत नाही, आपल्या आयुष्यात येणारे प्रत्येक माणूस जन्माआधीच ठरलेल्या योजनेने येते, हे तिने असंख्य लोकांना पटवले होते. मला ते कधीच पूर्णपणे पटले नाही. तरीही मी टेबलाशी बसत असे, कारण ते टेबल तिचे होते.

मी या घरात जन्मलेली नाही. यात गुपित काही नाही. सारे पेद्रा आल्ता गाव ते जाणते. चारेक वर्षांची असताना मी रेल्वे स्टेशनच्या बाकावर एकटी बसलेली सापडले आणि आईने मला घरी आणून वाढवले. आमच्या मिनास प्रांतात अशी वाढवलेली लेक घरोघरी असते. बाकापूर्वीचे मला काही आठवत नाही. त्या वयाचे कोणाला आठवते?

गुरुवारी तिसरे कोणी असेल तर ते शेजारचे अबिलियू, आदराने सेउ अबिलियू. विधुर, गुडघ्यांनी अधू, जिभेने धडधाकट. मी कोंबड्यांना घाबरते, ही गोष्ट त्यांना जन्मभर पुरली होती. "मास्तरीणबाई, फाटकात कोंबडी उभी आहे, मी पुढं होऊ का?" असे ते दर वेळी विचारत आणि स्वतःच हसत. शाळेतल्या दांडगटांना वठणीवर आणणारी बाई कोंबडी दिसली की रस्ता ओलांडते, याचे गावाला मोठे नवल होते.

नावांची सुरुवात ताई करी, आणि तिचे पहिले नाव नेहमी एकच असे. "देओलिंदा." म्हणजे मी. मी आजारी नाही, मला उगाच रांगेत उभे करू नकोस, असे मी पुष्कळदा तिला सांगितले. नाव घेतल्याने कोणी झिजत नाही, एवढेच ती म्हणे आणि पुढच्या नावाकडे वळे.

२

गेल्या वर्षभरात ताईचे हृदय थकत गेले. पाय सुजले, जिना बंद झाला, मग अंगण बंद झाले. तिला उठवणे, बसवणे, न्हाऊ घालणे, गोळ्या देणे, उशा रचणे, आणि पहाटे पुन्हा उठवणे, हे सारे मी करत होते. थकवा हा शब्द मी मुलांना पुष्कळदा शिकवला असेल. त्याचा अर्थ मला या वर्षी कळला. उभ्याउभ्या भांडी घासताना माझा डोळा लागत असे.

डॉक्टरांनी पावसाळ्यातच हात टेकले होते. ताईने मात्र शांतपणे जाहीर केले की ती इतक्यात जाणार नाही. देओसाठी, म्हणजे माझ्यासाठी, कोणीतरी यायचे आहे, ते येईपर्यंत तिला थांबावे लागेल. श्वासासाठी ती तासन्‌तास झगडत असे. तिची ती झुंज माझ्यासाठी होती, आणि ती पाहत बसण्यावाचून मला काही करता येत नव्हते.

अशाच एका गुरुवारी नावे घेण्याची माझी पाळी आली आणि माझ्याजवळ एकही नाव नव्हते. माझ्या ओळखीचे आजारी एक तर बरे झाले होते किंवा गेले होते. पाळी चुकवलेली ताईला चालत नसे. मला फक्त पाणी पिऊन आडवे व्हायचे होते. जिभेवर जे आले ते मी बोलून टाकले.

"लिबानिया तोरेस."

ताईने डोळे उघडले. ही कोण, असे तिने विचारले. विषय संपावा म्हणून मी सांगितले की पास्सोसच्या वाटेवर राहणारी एक विधवा आहे, डाव्या डोळ्याने तिला दिसत नाही. सेउ अबिलियूंनी हळहळ व्यक्त केली. आम्ही पाणी प्यायलो.

पुढच्या गुरुवारी ताईनेच आठवण केली, म्हणून मला पुन्हा ते नाव घ्यावे लागले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. प्रत्येक वेळी ती लिबानियाची चौकशी करी, आणि मी काहीतरी भर घालत असे. ती कपड्यांना टीप मारून पोट भरते. तिला मुलेबाळे नाहीत. तिला मासळीचा वास सहन होत नाही. ताई डोळे मिटून ऐके आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरे. इतक्या निरुपद्रवी गोष्टीने तिला बरे वाटत असेल, तर माझी हरकत नव्हती.

३

थंडी पडू लागली होती. मी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होते, तेव्हा फाटकाशी कोणीतरी हाकेऐवजी टाळ्या वाजवल्या. बाहेर एक सडसडीत बाई उभी होती. अंगावर राखी स्वेटर, हातात कापडी पिशवी. पास्सोसला जायचे होते, चुकीच्या थांब्यावर उतरले, बस निघून गेली, प्यायला पाणी मिळेल का, असे तिने विचारले. तिच्या डाव्या डोळ्यावर दुधी पडदा होता.

मी तिला पाणी दिले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला काहीच जाणवले नाही. मोतीबिंदू झालेल्या बायका आमच्याकडे थोड्या नाहीत. शिष्टाचार म्हणून मी नाव विचारले. तिने पेला रिकामा केला, ओठ पुसले आणि नाव सांगितले.

फाटकाची कडी माझ्या हातात होती. ती थंड होती, एवढेच मला आठवते.

मी मनाशी हिशेब मांडू लागले. माणसाचे मन शून्यातून काही निर्माण करत नाही. हे नाव मी कधीतरी कुठेतरी ऐकले असणार. बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, कोणाच्या तरी बोलण्यात. ऐकताना तिच्या डोळ्याविषयीही ऐकले असणार. नंतर मी ते विसरले, आणि विसरलेलेच मला सुचल्यासारखे वाटले. अशी उदाहरणे मी वाचलेली आहेत. हा खुलासा चोख होता. त्यात एकही पायरी निसटलेली नव्हती.

तेवढ्यात आतून ताईचा आवाज आला. कित्येक महिन्यांत तिने इतक्या मोठ्याने हाक मारली नव्हती.

"देओ, तिला दारात काय उभी ठेवलीस? आत आण तिला."

मी अजून काहीही सांगितलेले नव्हते.

४

दुसऱ्या दिवशीची बस गेली, तिसऱ्या दिवशीचीही गेली. लिबानियाने जाण्याचा विषय काढला नाही, आणि ताईने तो कोणाला काढू दिला नाही. पलीकडच्या खोलीत तिची पथारी पडली. ती पहाटे उठे, कॉफी गाळी, ताईला एका हाताने अलगद उचलून खुर्चीत बसवी. मी वर्षभरात पहिल्यांदा सलग झोपले. याबद्दल कृतज्ञ असण्यावाचून मला गत्यंतर नव्हते, आणि मी कृतज्ञ होतेही.

ताईने फाटलेल्या उशांचे अभ्रे तिच्यापुढे ठेवले. तिने त्यांना सुरेख टीप मारली. शुक्रवारी मासळीवाला गल्लीत आला, तेव्हा ती स्वेटरचा गळा नाकावर ओढून घरात निघून गेली. हे सारे मी पाहत होते आणि माझ्या चोख खुलाशात बसवत होते.

जे बसेना, ते वेगळेच होते. रविवारी सेउ अबिलियू गप्पा मारायला आले. मक्याच्या केकचा तुकडा कॉफीत बुडवत त्यांनी लिबानियाला तिच्या आईचे गाव विचारले. ती हसली. तिने उत्तर टाळले नाही, लपवले नाही. ती नुसती थांबली. एखाद्याने रिकाम्या कपाटाचे दार उघडावे आणि आत पाहत राहावे, तशी ती थांबली होती. सेउ अबिलियूंनी वय विचारले. पुन्हा तेच. नवऱ्याचे नाव विचारले. पुन्हा तेच हसू.

तुम्हाला कोणाची पंचाईत केल्याशिवाय केक पचत नाही का, असे ताईने त्यांना फटकारले आणि सहज पुढे म्हणाली की आई बहुधा कानास्त्रा डोंगराकडची असेल, बोलण्याची ढब तशीच आहे.

सोमवारी सकाळी घेवडा निवडताना लिबानियाने मला आपल्या आईची हकीकत सांगितली. कानास्त्राच्या पायथ्याचे घर, चीज वाळत घालायच्या फळ्या, पहाटेचे धुके. ती चांगले सांगत होती. मी मात्र हातातला घेवडा तसाच धरून बसले होते. मी जे जे सांगितले होते ते तिच्याजवळ होते. मी जे सांगितले नव्हते ते नव्हते, आणि कालपासून त्यातलेही थोडे आले होते.

५

मी एक परीक्षा घेतली. अशा वेळी परीक्षा घेणे हेच मला येते.

लिबानिया मागे अंगणात चादरी पिळत होती. मी पुढच्या फाटकाशी जाऊन, सेउ अबिलियूंना हळू आवाजात सांगितले की आमची पाहुणी पुरुषासारखी शिट्टी वाजवते. ते म्हणाले, मग तिच्याशी जरा जपून राहावे लागेल. आमच्या दोघांत ते बोलणे तिथेच संपले. मधे सारे घर होते, दोन बंद दारे होती.

मी परत वळले. बैठकीच्या खोलीत भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत होते. ताई खुर्चीत डुलकी घेत होती. मी जेवणाच्या टेबलाला वळसा घातला, स्वयंपाकघरात पाऊल ठेवले, आणि तेव्हा ती सुरू झाली. आधी नुसती हवा, ओठ जुळत नसल्यासारखी. मग एक सूर, बेसूर. मग दुसरा, थोडा बरा. एखादी गोष्ट जन्मात पहिल्यांदा करून पाहणाऱ्या माणसाचा तो प्रयत्न होता. मी ओट्याला धरून उभी राहिले. पाच-सहा प्रयत्नांनंतर शिट्टी स्वच्छ, भरदार आणि लांब झाली, आणि अंगणापलीकडच्या आंब्यावरचे पोपट उडून गेले.

ती आत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. ती माझ्याकडे पाहून लाजली. "काय झालं मला, कोणास ठाऊक, बाई," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला काढून लावायचे ठरवले. बसची वेळ पाहिली, वाटेसाठी चीज घातलेले पाव बांधले. मग ताईच्या खोलीत गेले. लिबानिया तिच्या पायांना तेल चोळत होती, आणि ताई हसत होती. कित्येक महिन्यांनी तिचे खांदे सैल पडलेले मी पाहिले. मला पाहून ती म्हणाली की आता तिची काही तक्रार नाही. जिला यायचे होते ती आली आहे, आता बोलावणे आले की ती निघेल.

तिचे मरण सुखाचे व्हावे, एवढीच माझी इच्छा उरली होती. ते सुख ज्या एका गोष्टीवर उभे होते, ती मी झोपेच्या गुंगीत बोलून टाकलेली थाप होती. ती गोष्ट दाराबाहेर काढली असती, तर ताई पुन्हा श्वासासाठी झगडायला लागली असती. ठेवली, तर ताईनंतर या घरात मला तिच्याबरोबर राहायचे होते.

बांधलेले पाव मी सोडले आणि टेबलावर ठेवले. आम्ही तिघींनी ते खाल्ले.

६

तरीही शेवटी मी बोललेच. श्रद्धेपायी कोणाला फसवलेले मला कधी खपले नाही. मरणाऱ्या बहिणीला तर नाहीच. लिबानिया बाजारात गेली होती. दुपारचे ऊन ताईच्या पलंगापर्यंत आले होते. मी तिच्या उशाशी बसले आणि सांगितले की लिबानिया तोरेस नावाची बाई मला कधी भेटली नव्हती. नाव मी बनवले होते. डोळा मी बनवला होता. सारेच बनवले होते.

मला वाटले होते की ती हादरेल. तिने नुसता माझा हात हातात घेतला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुला थापा मारता येत नाहीत, देओ. पण म्हटलं, चालू दे. मीही असंच केलं होतं."

कशाबद्दल बोलतेस, मी विचारले.

मग ती थांबत थांबत, श्वास गोळा करत सांगू लागली. आई तिलाही दर गुरुवारी टेबलाशी बसवी. मोठी माणसे आपापले आजारी सांगत. तिला मात्र सांगायला कोणी नसे. खेळायलाही कोणी नसे. एके दिवशी तिने एक नाव घेतले. एक लहान मुलगी आहे, तिला कोणी नाही. आईने विचारले, कशी आहे ती? कुरळ्या केसांची, ताई म्हणाली. आणखी काय? तिला आणखी काही सुचेना.

"अंगणात कोंबड्या चरत होत्या," ताई म्हणाली. "म्हणून सांगितलं, ती कोंबड्यांना घाबरते."

बाहेर गल्लीतून कोणाची तरी सायकल गेली. तिचा आवाज पार वळणापर्यंत मला ऐकू येत राहिला.

"उन्हाळ्यात तू स्टेशनवर सापडलीस. आईनं नाव विचारलं, तू सांगितलंस. ती घरी येऊन रडली. योजना, योजना म्हणत राहिली. मी काही बोलले नाही. मला बहीण हवी होती."

मी म्हटले की हा योगायोग आहे. टाकलेली मुले त्या काळी स्टेशनांवर सापडतच. नाव तू माझ्या तोंडून ऐकलेस आणि आधी घेतल्याचे तुला नंतर वाटू लागले. लहान मुलांच्या आठवणी अशाच उलटसुलट होतात. माझा आवाज मला दुरून आल्यासारखा वाटला.

"असेल बाई," ती म्हणाली. "पण मला टायफॉइड झाला होता ना, तेव्हा माझे काही गुरुवार हुकले. शुद्धच नव्हती. एका दुपारी आई तुला शोधत सगळं घर पालथं घालत होती. अंगणात उभी राहून हाका मारत होती. मी खिडकीतून बघत होते. तू तिच्या पुढ्यातच उभी होतीस, देओ. कोंबड्यांच्या मधे. रडत होतीस. मग मी पलंगावरच तुझं नाव घेतलं, आणि आईनं तुला कडेवर उचललं."

ती दुपार मला आठवत होती. आई माझ्याशी खेळते आहे, मुद्दाम न दिसल्यासारखे करते आहे, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती. इतकी वर्षे ती समजूत माझ्या मनात तशीच ठेवलेली होती.

दूर बेलो ओरिझोंती शहरातल्या मोठ्या शाळेत मला नोकरी मिळाली होती, तेव्हा ताईने अंथरूण धरले आणि मी गेले नाही. तो तिचा हट्ट आहे, असे मला वाटले होते. आता ते अंथरूण मला निराळे दिसू लागले. जिने जन्मभर सगळ्या गावाला योजनेवर विसंबून राहायला सांगितले, तिने स्वतः त्या टायफॉइडनंतरचा एकही गुरुवार योजनेवर सोपवलेला नव्हता.

"मी गेले की तुझं नाव घ्यायला कोणीतरी हवं," ताई म्हणाली. "म्हणून थांबले होते. तू तिचं घेत जा. ती तुझं घेईल. तिला सांगून ठेव."

लिबानिया बाजारातून आली. भाजीची पिशवी खाली ठेवून ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली. ताईने एक हात तिला दिला, एक मला. ऊन भिंतीवर चढेपर्यंत तिचा श्वास लांबत लांबत गेला. त्यात झुंज नव्हती. शेवटचा श्वास कोणता, हे आम्हा दोघींना नेमके कळले नाही.

७

ताईला मातीआड केले त्याला काही दिवस झाले.

दफनाच्या वेळी सारे गाव आले होते. लोक रांगेने पुढे येत आणि लिबानियाचा हात हातात घेत. मी तिच्या शेजारीच उभी होते. काहींनी माझाही हात घेतला, काही पुढे निघून गेले. दुःखात असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहणे लोकांना जड जाते. हे मी पूर्वीही पाहिले आहे. पावाच्या दुकानात परवा माझ्यामागच्या बाईला आधी पाव मिळाला. दुकानदार नवा आहे. सेउ अबिलियू काल फाटकातून आत आले, त्यांनी लिबानियासमोर टोपी काढली आणि घरात एकटं वाटत असेल, नाही का, असे तिला विचारले. त्यांचे वय झाले आहे.

लिबानियाने आजवर टेबलाशी कोणाचेही नाव घेतलेले नाही. तिची पाळी आली की ती म्हणे, माझ्या ओळखीचं कोणी नाही, आणि ताई तिला सोडून देई. मला ती नेहमी नुसते बाई म्हणते.

मी तिला काही सांगून ठेवलेले नाही. हे विसरल्यामुळे झालेले नाही. मी पुष्कळ विचार केला. ताईची योजना खरी असेल, तर तिला माझ्या सूचनेची गरज नसावी. लिबानिया ज्यासाठी आली आहे, ते ती आपण होऊन करील. योजना खोटी असेल, तर मी स्टेशनवर टाकलेली एक साधी मुलगी होते, आणि माझे नाव कोणी घेतले काय, न घेतले काय, काही बिघडत नाही. दोन्ही बाजूंनी सांगण्याचे कारण उरत नाही. या युक्तिवादात मी सतत चूक शोधते आहे. अजून सापडलेली नाही. शिवाय मी थकले आहे. ज्या बहिणीने मला इतकी वर्षे धरून ठेवले, तिच्याइतके घट्ट धरून ठेवायला मी कोणाला सांगावे, असे मला वाटत नाही.

आज गुरुवार आहे. रेडिओ बंद आहे. पाण्याचा जग भरलेला आहे. उतारा मी वाचला. वाचताना सेउ अबिलियूंनी दोनदा मान वर करून खिडकीकडे पाहिले, बाहेर कोणी बोलते आहे की काय अशा नजरेने. मग मी माझ्या पाळीला नाव घेतले. "लिबानिया तोरेस," मी म्हटले, जितक्या स्पष्टपणे म्हणता येईल तितक्या. तिच्या गालांवर रंग चढला.

सेउ अबिलियूंनी आपल्या बायकोचे नाव घेतले, आणि ताईचे.

आता लिबानियाची पाळी आहे. ती या वेळी मान हलवत नाही. तिने डोळे मिटले आहेत, हात मांडीवर जोडले आहेत, आणि तिचे ओठ हलू लागले आहेत. ती ताईचे नाव घेते. मग आपल्या आईचे, कानास्त्राच्या पायथ्याच्या. मग थांबते. तिला आणखी कोणीतरी आठवायचे आहे, हे तिच्या कपाळावरून दिसते.

अजून वेळ आहे. तिने डोळे उघडलेले नाहीत.

मी हात टेबलावर ठेवून वाट पाहते आहे. खिडकीतून कलते ऊन आत आले आहे. ते माझ्या हातांवर पडले आहे, आणि हातांखालच्या मेजपोशावरच्या निळ्या फुलांवरही.